गुडघ्यातलं काळीज

महाड,
१८ नोव्हेंबर १९८४

चिंतामणीस,

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांनी पहिलं, आणि तेही टाइप केलेलं. पाकीट अण्णांच्या हाती पडलं. परदेशी तिकिटं बघून त्यांनी मला न विचारता फोडलं, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, आणि मग माझ्यापुढे ठेवलं. "तुझ्या कामाचं आहे," एवढंच म्हणाले. आपल्या वडिलांबद्दल तू एक ओळ घातली असतीस तर कागद वाढला नसता.

मी दिवाळीपासून रजेवर इथेच आहे. अण्णांचा दमा. पण तू ते विचारलेलं नाहीस, तेव्हा कामाचं लिहिते.

कृत्रिम गुडघा बसवलेल्या तुझ्या रोग्यांचं पुढे काय झालं, यावर तू तिकडच्या परिषदेत निबंध वाचणार आहेस. मुंबई सोडण्याआधी तू ज्यांना गुडघे बसवलेस त्यांतले दोघे पोलादपूर तालुक्यातले, आणि दोघेही तपासणीला पुन्हा आले नाहीत. ते चालतात का, गुडघा किती वाकतो, दुखतो का, हे मी जाऊन बघावं असं तुझं म्हणणं. बघते. तुझ्यासाठी नाही. गुडघ्यामागे काय असतं हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षं विच्छेदनगृहात गेली आहेत. ज्यांच्या गुडघ्यात करवत फिरली आणि तरी जे चालते झाले, अशी माणसं मला बघायचीच आहेत.

कॉलेजातली ती सभा मी विसरलेले नाही. गुडघ्यामागून उतरणारी मोठी शीर बहुतेकांत गुडघ्याच्या खाली फुटते, आणि तिच्या नि हाडाच्या मध्ये मांसाची गादी असते. काही थोड्या देहांत मात्र ती वरच फुटते आणि तिची एक फांदी गादीच्या पुढून, थेट हाडाला चिकटून उतरते. पुढून मागे जाणारी करवत जरा जास्त आत गेली तर ती तुटणार. मी एवढंच मांडलं होतं. तू मागच्या रांगेतून उठून म्हणालास, "चारू, माझे पेशंट जिवंत असतात." सगळे हसले. त्यानंतर तू इंग्लंडला गेलास तो आम्हाला न भेटता.

असो. तुझा पहिला रोगी पाहून आले. रावजी, पोलादपूरच्या स्टँडसमोर किराणा दुकान आहे त्याचं. गुडघा काटकोनात वाकतो, व्रण स्वच्छ, सूज नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पाय उचलून दाखवतो. "थंडीत जरा कुरकुरतो, पण जुन्यापेक्षा गुणी आहे," म्हणाला. तुझी फार स्तुती केली. निघताना मी तुझ्या दुसऱ्या रोग्याचं, चंपाबाईचं, नाव घेतलं, तर पुडी बांधता बांधता त्याचे हात थांबले.

"कुडपणला जाणार? त्या श्रीपतच्या घरी?"

"हो. का?"

"नाही, जा की. भर उन्हाचं जा. आणि त्या घरात उगाच कशाला हात लावू नका."

पुढे विचारलं तर साखर मोजायला लागला. परवा जाते आहे.

— चारुशीला


महाड,
२३ नोव्हेंबर १९८४

चिंतामणी,

चंपाबाई वारली. तू तिला घरी सोडल्यानंतर महिनाभरात.

तुझ्या नोंदीत तिच्यापुढे 'उत्तम' लिहिलेलं असणार. ते खोटं नाही. त्या दिवशी ती उत्तमच होती. इस्पितळातून आपल्या पायांनी निघाली, आणि कुडपणची चढण तिने काठी टेकत स्वतः चढली, असं श्रीपतने सांगितलं.

श्रीपत तुला आठवतोच. वॉर्डबॉय होता तुमच्याकडे, वर्षानुवर्षं तुझ्या थिएटरची ट्रॉली ढकलायचा. त्याच्याचसाठी तू त्याच्या बायकोचे संधिवाताने धरलेले गुडघे बघितलेस आणि उजवा बदललास. आता पेन्शनीत गेला आहे. पठाराच्या कडेला बौद्धवाडी आहे, तिथे शेवटचं घर त्याचं. मी कोण ते कळल्यावर हात जोडून "जय भीम, बाय" म्हणाला, आणि शेजारून खुर्ची मागून आणली. "साहेबांची बहीन," असं येईल त्याला अभिमानाने सांगत होता. मला त्या खुर्चीवर नीट बसवेना.

मी काही विचारायच्या आत त्यानेच सुरुवात केली. त्याच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझ्या शब्दांवर तुला शंका घेता येणार नाही.

"घरी आल्यावं चार दीस बेस गेले. मंग गुडघ्याच्या मागं गाठ आली. लिंबायेवडी, मंग पेरवायेवडी. आनि ती ठोकाय लागली, बाय. मी हात ठेवला तं हाताला ठोके. कान लावला तं आत घुमतंय, उखळात वारा घुमतो तसा. ती हसायची. म्हनायची, माज्या गुडघ्यात काळीज आलंय. वाडीतल्या बाया यायच्या, कान लावून ऐकायच्या. पोरं यायची. कोन म्हनायचं, नव्या गुडघ्यात मशीन हाय."

तुला आणि मला हे ऐकून काय समजायचं ते समजतं. शीर पुरती तुटली नव्हती, नुसती कापली गेली होती, आणि रक्त बाहेर येऊन मांसात घर करून बसलं होतं. ठोके खरे होते. घुमणं खरं होतं. तिचं काळीज खरोखरच तिथे येत होतं, दर ठोक्याला थोडं थोडं.

त्याने तिला खाली एका डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, पू आहे, चिरतो. ती खाटेवरून उतरली. "काळजाला कोन सुरी लावतं काय?" म्हणाली. चिरलं असतं तर तिथेच गेली असती. तेव्हा तिला काय कळलं होतं, मला ठाऊक नाही.

आता पुढचं. मी हे विचारलं नव्हतं. त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, उलट तुझी बाजू घेऊन सांगितलं.

"मी पोलादपुरास पोष्टात जाऊन टरंक कॉल लावला. साहेब सोता आले फोनवं. मी सांगितला, गाठ आलीय, ठोकते. साहेब म्हनाले, सूज असतेच रे श्रीपत, उतरेल. तारखेला घेऊन ये. तारीख व्हती ऑगस्टाची. म्हनून मी थांबलो. साहेबांचा शब्द हाय म्हटला."

चिंतामणी, तिची चौकशी कर असं मला लिहिताना तुला हा फोन आठवत होता का?

जुलैत एका सकाळी गाठ फुटली. पाऊस असा की आंबेनळी घाटात दरड आलेली, गाडी बंद. तिला डोलीत घालून चौघांनी खाली आणायला घेतलं. एक लांब बांबू, त्याला घोंगडीची झोळी, झोळीत ती. श्रीपत पुढे, त्याच्यामागे चंदू नावाचा त्याचा पुतण्या, मागे दोघे वाडीतलेच. आणि तो सांगतो, ठोके बांबूतून खांद्याला लागत होते. एकट्या त्याला नाही, चौघांनाही. जो तो आपल्या खांद्याला सोसत उतरत होता. अर्ध्या उतारावर ते थांबले. ठोके थांबले, आणि मग माणसं थांबली. झोळीत वाकून कुणी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तसेच मागे फिरले.

चंदूला मी एकट्याला गाठून विचारलं. त्याने शर्टाची कॉलर बाजूला केली आणि नुसता खांदा दाखवला. तिथे काहीच नव्हतं. पण तो ज्या तऱ्हेने दाखवत होता, ते बघून मी मान हलवली.

तो बांबू श्रीपतच्या पडवीत आढ्याला बांधलेला आहे. वाडीत त्याला कुणी हात लावत नाही. कुणी त्याला 'ती दांडी' म्हणतं, कुणी काहीच म्हणत नाही. श्रीपत म्हणाला, "आमी बावीस प्रतिज्ञा घेतलेली मान्सं, बाय. भूत नाय मानत. देव नाय मानला तं भूत कुटला मानू? पन त्यात अजून ठोकतंय. तुमी डाक्तर हाव. हात लावून बगा नि सांगा मला, हे काय हाय."

टळटळीत दुपार होती. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी उभी राहिले आणि दांडीला हात लावला.

त्याला सांगितलं, काही नाही श्रीपत, लाकूड आहे.

तुला आज एवढंच लिहिते.

— चारुशीला


महाड,
२० डिसेंबर १९८४

चिंतामणी,

तुझी तीन पानं आली. गाठ संसर्गाची असू शकते, रोगी वेळेवर तपासणीला आला नाही, खेड्यातल्या सांगण्यावर निदान करता येत नाही. सगळं शास्त्रशुद्ध आहे. म्हणून या बाईला 'संपर्क तुटला' या रकान्यात घालावं, असं तुला वाटतं. फोनबद्दल एक अक्षर नाही. शेवटी मात्र हाताने लिहिलंयस: 'दांडीला काय जाणवलं?'

म्हणजे तू वाचलंस, आणि झोपला नाहीस.

तर ऐक. नवशिका विद्यार्थी नाडी बघतो तेव्हा त्याला पुष्कळदा स्वतःच्या बोटांचे ठोके लागतात. मी दरवर्षी मुलांना हे सांगते. दांडीला हात टेकल्याबरोबर ठोके लागले, तेव्हा मी मनात तेच म्हटलं, आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरलं. माझं काळीज धावत होतं. दांडीतलं संथ होतं. दोन्ही जुळत नव्हते. मी हात काढला, पदराला पुसला, आणि श्रीपतला ते सांगितलं जे तुला लिहिलं आहे. त्याने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तसं दाखवलंही नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असेल तर कळव.

आता खरं महत्त्वाचं. चंपाबाईला धाकटी बहीण आहे, जानकीबाई. नवरा नाही, मूल नाही, श्रीपतच्या शेजारी राहते. थोरलीचाच संधिवात. गुडघे इतके आखडले आहेत की जमिनीवरून हातांच्या आधाराने सरकत जाते. तिने श्रीपतला न विचारता, त्याच्याच जुन्या ओळखीवर त्याच इस्पितळात खाट मिळवली आहे. जानेवारीत तिचा उजवा गुडघा बदलणार, तुझ्या जागी आलेले सर्जन. श्रीपतने पोटतिडकीने विरोध केला, पण तिने ऐकलं नाही. शेवटी माझ्याकडून 'नको' म्हणवून घ्यायला तो तिला बसमधून इथे घेऊन आला.

भोपाळची बातमी आल्यापासून इकडे औद्योगिक वसाहतीचा भोंगा झाला की लोक दारं लावून घेतात. त्या दिवशीही अण्णा खिडक्या लावत होते, आणि श्रीपत तिला पाठुंगळी घेऊन ओटी चढला. मी तिला पलंगावर निजवून तपासलं.

पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे ठोका लागायला हवा, तिथे काही नाही. दोन्ही पायांत नाही. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला मात्र चांगला ठसठशीत ठोका. चिंतामणी, विच्छेदनगृहात असे पाय मी वर गुडघ्यापर्यंत सोडवत नेले आहेत. त्यातल्या पुष्कळांत शीर वरच फुटलेली होती आणि हाडाला चिकटून उतरत होती. पावलावरून गुडघ्याची खात्री देता येत नाही, आणि एकाच आईच्या दोन मुलींत ती सारखी असेल असं कुठल्याही ग्रंथात नाही. मी नुसती भीती सांगते आहे.

जानकीबाई थोरलीला बाय म्हणते. म्हणाली, "बाय गेल्यापास्नं माज्या पन गुडघ्यात ठोकतंय."

मी म्हटलं, "सगळ्यांच्याच गुडघ्यामागे ठोका असतो."

"असंल. पन सगळ्यांना ऐकू येतो काय?"

मी तिला सरळ सांगितलं की तुझ्या बहिणीला काय झालं असावं, आणि तुलाही तेच होऊ शकतं. ती छताकडे बघत ऐकत होती. श्रीपत दाराशी उभा, आता ती ऐकेल म्हणून.

"मला नको म्हनू नका," ती म्हणाली. "मराया मी भीत नाय गो. सरपटाया भिते. बाय चढन चढून आली ती मी बघितलीय. चार दीस का व्हईना, मान्सावानी चालली. मला तेवडं द्या."

श्रीपत ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. अण्णा त्याच्याजवळ जाऊन बसले.

म्हणून आता माझं मागणं. शिरेत औषध सोडून क्ष-किरण चित्र काढलं तर ती कुठून उतरते हे करवत लावायच्या आधी कळेल. मी त्या सर्जनना लिहिलं. उत्तर आलं की संधिवाताच्या साध्या गुडघ्याला एवढा खटाटोप कुणी करत नाही. मीही तीच ना, मढ्यांच्या शाळेतली. पण तू त्यांना शिकवलं आहेस. तुझ्या एका तारेने होईल. 'शीर पाहिल्याशिवाय करवत लावू नका.' इतकंच.

तार करणार नसशील तर मलाही तसं कळव. मी खाटेला आडवी पडेन.

— चारू


मुंबई,
२ फेब्रुवारी १९८५

दादा,

तार पोचली. पाठोपाठ तुझं विमानपत्र, जवळजवळ कोरं, आणि त्यात मधोमध एवढंच: 'हो. फोन आठवतो. रोज आठवतो.' मी ते जपून ठेवलंय. अण्णांना दाखवलं नाही.

क्रमाने सांगते.

जानकीबाईला खाली आणायची तर डोली हवी. श्रीपतने नवा बांबू तोडून आणला. ती म्हणाली, "नको. बायच्याच दांडीवं न्या मला." वाडी हादरली. चंदू म्हणाला, मी खांदा देणार नाही. आनंदीबाई म्हणून तिथली म्हातारी, तिने अंगणात येऊन जानकीबाईला शिव्या दिल्या. ही आपल्या हट्टावर. "ती दांडी तिला पुरती खाली नेऊ शकली नाय. मला नेऊ दे." शेवटी श्रीपतने स्वतः गाठी सोडून दांडी उतरवली, आणि चंदू खांदा द्यायला मागे जाऊन उभा राहिला.

मी त्यांच्याबरोबर चालत होते. सकाळचं धुकं दरीत साचलेलं. ज्या वळणावर मागच्या खेपेला थांबले होते तिथे कुणीही पाय ढिला केला नाही. खाली सडकेला झोळी टेकल्यावर मी चंदूला विचारलं. तो घाम पुसत होता.

"रिकामी व्हती तवा वाजत व्हती," तो म्हणाला. "तिला आत घेतली नि गप झाली."

श्रीपतने ऐकलं. दांडी त्याने तिथेच सडकेकडेला, झाडीत ढकलून दिली आणि बस आली तरी तिकडे बघितलं नाही.

चित्र निघालं. तुझ्या तारेमुळे निघालं, नाहीतर निघालं नसतं. सर्जननी ते उजेडाला धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि मला बोलावून घेतलं. शीर गुडघ्याच्या वरच फुटली होती. एक फांदी हाडाला चिकटून, जशी भिंतीला पाल. त्यांनी चित्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, ऑपरेशनला तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा."

मी राहिले. करवत मागच्या कडेपर्यंत नेलीच नाही. गुडघा वाकता ठेवला, हाडाची शेवटची कड छिन्नीने अलगद सोडवली, आणि मागे धातूची पट्टी धरली, ती मी. हाडाचा तुकडा बाहेर आला, मागचा पडदा दिसला, आणि त्या पडद्याआडून ती दिसली. उडत होती. करवत रोजच्यासारखी आरपार गेली असती तर बरोबर तिथून गेली असती. दादा, ही शीर मी आजवर कितीतरी देहांत पाहिली, कागदावर काढली, मुलांना शिकवली. पण कायम निपचित. पट्टी धरलेल्या हाताला तिचा ठोका लागत होता आणि तो वेग माझ्या ओळखीचा होता. संथ. दुपारच्या पडवीतला.

भुलीत असलेल्या माणसाची नाडी संथ असतेच. मी स्वतःला हेच सांगितलं आणि पट्टी हलू दिली नाही.

शुद्धीवर येताना जानकीबाईने आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, "बाय सारा येळ माजा पाय धरून उभी व्हती." मी म्हटलं, "मी होते ती." तिने माझ्याकडे डोळे किलकिले करून पाहिलं. "तुमी या बाजूला व्हता," ती म्हणाली, आणि झोपी गेली.

पलीकडच्या बाजूला कुणी उभं नव्हतं. तिथे दिवा होता.

पाऊल गरम आहे. घोट्यावर ठोका लागतो. गुडघ्यामागे गाठ नाही. मी सकाळ-संध्याकाळ कान लावून बघते, परिचारिका हसतात.

श्रीपत वॉर्डच्या दाराशी बसून असतो. जुने लोक येतात, त्याला चहा देतात. काल त्याने विचारलं, "साहेबांना कळला काय, शीर कुटं व्हती ते?" मी म्हटलं, कळलं. "मंग ते काय बोलले?" मी म्हटलं, ते तुला लिहितील. आता लिही.

— चारू


महाड,
७ एप्रिल १९८५

दादा,

तू श्रीपतला लिहिलेलं पत्र सोबत परत पाठवते आहे. रागाने नाही. पत्र चांगलं आहे, आणि खरं आहे. शीर तुझ्या हातून कापली गेली असावी, फोनवर तू ऐकून घ्यायला हवं होतंस, हे तू लिहिलंस, आणि टाइप करून खाली सही केलीस. पण ते इंग्रजीत आहे. मी त्याला वाचून अर्थ सांगितला. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग कागद हातात घेऊन उलटसुलट केला आणि मला परत दिला.

"साहेब माज्याशी मराठीत बोलायचे," तो म्हणाला.

निबंधात चंपाबाईपुढे 'मृत्यू' लिहिलंस हे मी त्याला सांगितलं. मी काढलेली शिरेची रेखाटनं माझ्या नावाने घातलीस तेही पाहिलं. अण्णांनी तो कागद चष्मा पुसून दोनदा बघितला आणि तुझ्या प्रकृतीची चौकशी केली. त्यांना दोन ओळी लिही. श्रीपतला मात्र हाताने लिही. मु. कुडपण, ता. पोलादपूर एवढं पुरे, पोष्टमन ओळखतो.

आता जानकीबाईचं. हे निबंधात मावणार नाही, पण तुला कळायला हवं.

परवा मी तिला घरी पोचवायला गेले. खालून डोली नको म्हणाली. काठी घेऊन, बसत उठत, दुपार कलेपर्यंत चढली. मी मागे. पठारावर पोचलो तेव्हा वाडीतल्या बाया अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि एकेकीचे हात थांबले. नवा गुडघा अजून पुरता वाकत नाही, म्हणून ती उजवा पाय बाहेरून वळवून टाकते, आणि टाकताना डावा खांदा किंचित खाली जातो. मी हे रोज इस्पितळात बघत होते, मला त्यात काही वाटलं नव्हतं. आनंदीबाई उठली आणि घरात जाऊन तिने कडी लावली. कुणी हाक मारली नाही, कुणी 'आलीस का' विचारलं नाही. आम्ही त्या शांततेतून शेवटच्या घरापर्यंत चालत गेलो, आणि मला मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही, कारण बायांची नजर तिच्यावरून माझ्यावर आणि माझ्यावरून मागच्या मोकळ्या वाटेवर जात होती.

श्रीपत पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता.

"आलीस, चंपे?" तो म्हणाला. कामावरून घरी परतलेल्या बायकोला विचारावं तसं.

जानकीबाई थांबली. "दाजी, मी जानकी हाय."

"ठावं हाय मला."

"मंग?"

"चाल तिची हाय," तो म्हणाला.

तिने तांब्या घेतला, पाणी प्याली, तोंड पुसलं. मला वाटलं आता बसेल, चढणीने तिचा जीव मेटाकुटीला आला होता. ती बसली नाही. तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि अंगणात चालू लागली. तुळसबिळस काही नाही त्या अंगणात, मोकळी सारवलेली जमीन. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. पुन्हा गेली. ती काय करते आहे ते मला आधी कळलं नाही. श्रीपतला कळलं. तो उंबऱ्यावर बसला आणि बघत राहिला. पायांकडे बघत होता, तोंडाकडे नाही. तिनेही पदर पुढे ओढून घेतला होता.

बाया कुंपणापर्यंत आल्या होत्या. चंदू आला. नवा गुडघा दर पावलाला बारीक वाजत होता, आणि मी जी इतकी वर्षं देहांत बोटं घालून प्रत्येक गोष्टीला नाव देत आले, त्या माझ्या तोंडून 'पुरे, पायाला ताण देऊ नका' एवढं डॉक्टरी वाक्यसुद्धा निघालं नाही. त्या अंगणात कोण चालत होतं, हे त्या वेळी तू मला विचारलं असतंस तर मी शपथेवर सांगू शकले नसते.

ऊन पार परसात गेलं. तिचा श्वास ऐकू येऊ लागला. तेव्हा श्रीपत उठला, भिंतीची काठी घेऊन तिच्यापाशी गेला आणि ती तिच्या हातात दिली.

"बास गो, जानके," तो म्हणाला. "आता तू बस."

— चारू